पाण्याकडे पाठ करून उभे राहा : रंकाळ्याकाठच्या बदलत्या वस्तीचे फोटो कसे काढावेत

आमच्या घरच्या अल्बममध्ये १९८८ सालचा एक फोटो आहे. आई कोल्हापूरच्या रंकाळा तळ्याच्या कट्ट्यालगत उभी आहे, डोळे किंचित बारीक केलेले, पदर वाऱ्यानं उडालेला. ऊन मावळतीचं होतं आणि बाबांना आईच्या चेहऱ्यावर उजेड हवा होता, म्हणून ते तळ्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यामुळे फोटोत पाणी आलंच नाही. आली ती दोन कौलारू घरं, एका घराच्या पडवीत बांधलेली म्हैस आणि सायकलचं पंक्चर काढणाऱ्याची पत्र्याची पाटी.

चार वर्षांपूर्वी तो फोटो हातात धरून मी ती जागा शोधत गेले. कट्ट्याच्या एका दगडाचा कोपरा फुटलेला फोटोत दिसत होता, त्यावरून जागा सापडली. घरं नव्हती. तिथं पाच मजली इमारत आणि खाली काचेचं दार असलेलं कॉफीचं दुकान. आमच्या अल्बममध्ये त्याच काळातले रंकाळ्यावरच्या सूर्यास्ताचेही सात-आठ फोटो आहेत. त्यांतून मला काहीच कळलं नाही. सूर्य आजही तसाच मावळतो.

त्या दिवसापासून मी रंकाळ्याकाठच्या वस्तीचे फोटो काढते आहे. वस्तीचा भाव वाढतो, नवं बांधकाम येतं, भाडं चढतं आणि जुनी माणसं हळूहळू मागच्या उपनगरांत सरकतात, हे कोल्हापुरात आपल्या डोळ्यांदेखत चाललंय. त्याची नोंद तुमच्यापैकी कुणाला ठेवायची असेल, तर मी जिथं अडखळले तिथं तुम्ही अडखळू नये म्हणून हे सविस्तर लिहिते.

१. पहिला आठवडा कॅमेरा घरी ठेवा

रंकाळा टॉवर, चौपाटी, संध्यामठ, जावळाचा गणपती, पदपथ उद्यान, शालिनी पॅलेस, सगळीकडे नुसतं फिरून या. एकदा पहाटे, एकदा भर दुपारी, एकदा दिवेलागणीला. आपण नेहमी संध्याकाळी भेळ खायला जातो म्हणून आपल्याला रंकाळा संध्याकाळचाच ठाऊक असतो. दुपारी दोन वाजता तिथं कोण असतं ते आधी बघा.

मग काठ सोडून दोन गल्ल्या आत शिरा. काठावर इमारत दिसते तोवर बदल होऊन गेलेला असतो. त्याची सुरुवात आतल्या बोळात होते आणि तिचा एक क्रम असतो. आधी घराला कुलूप लागतं. मग मोजणीवाले येऊन भिंतीवर लाल रंगानं खुणा करतात. मग ‘जागा विकणे आहे’ किंवा त्याहून जास्त वेळा ‘ही जागा विकणे नाही’ असा बोर्ड लागतो. मग पत्र्याचं कुंपण, बोअर मारणारी गाडी, आणि एका सकाळी जेसीबी. हा क्रम डोळ्यांत बसला की पुढच्या वर्षी कुठलं घर नसणार आहे याचा अंदाज तुम्हाला आधीच येऊ लागतो. फोटो तेव्हा काढायचा असतो.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. वास्तूचा वापर बदलणं रंकाळ्याला नवीन नाही. शालिनी पॅलेस १९३१ ते १९३४ या काळात राजघराण्यासाठी बांधला गेला आणि १९८७ मध्ये त्याचं हॉटेल झालं. फरक एवढाच, की राजवाड्याच्या जुन्या रूपाचे फोटो शेकड्यानं आहेत आणि पंक्चरवाल्याच्या दुकानाचा बहुधा आमच्या आईमागचा तो एकच.

२. उभं राहायच्या जागा पक्क्या करा

या कामाचा कणा हाच आहे. आठ ते दहा जागा निवडा, त्याहून जास्त नकोत. प्रत्येक जागी दर तीन महिन्यांनी जाऊन तोच फोटो, त्याच उंचीवरून, त्याच लेन्सनं काढायचा.

जागा निवडताना अशी निवडा की तुमच्या पायाखालची वस्तू सहसा हलणार नाही. दगडी कट्ट्याचा कोपरा, जुना घाट, मंदिराची पायरी, झाडाचा पार. हातगाडी, विजेचा खांब, बाकडं यांच्यावर भरवसा नको. मी एक जागा खांबावरून ठरवली होती. रस्तारुंदीकरणात तो खांब सहा फूट मागं गेला आणि आधीचे पाच फोटो एकमेकांशी जुळेनात.

फोटोच्या चौकटीतही दोन खुणा पक्क्या ठरवा, एक जवळची आणि एक लांबची. उदाहरणार्थ, कट्ट्याची कड खालच्या डाव्या कोपऱ्यात आणि एखाद्या देवळाचं शिखर बरोबर मध्यावर. दोन्ही खुणा मागच्या फोटोसारख्या जुळल्या की तुम्ही जवळपास त्याच जागी उभे आहात. मागचा फोटो छापून बरोबर न्या. फोनवर उन्हात नीट दिसत नाही.

उंची : कॅमेरा छातीशी धरायचा की डोळ्याशी, हे पहिल्याच दिवशी ठरवून वहीत लिहा. तिपाई असेल तर पाय किती उघडले तेही.

लेन्स : फोन असेल तर कायम साधी एकपटीची लेन्स वापरा. अर्ध्या पटीच्या रुंद लेन्सनं इमारती बाहेर झुकतात आणि गल्ली आहे त्याहून मोठी दिसते. कॅमेरा असेल तर ३५ मिलिमीटरची एकच लेन्स पुरे. माझी पहिली सहा महिन्यांची मेहनत इथंच वाया गेली. दरवेळी झूम वेगळा, त्यामुळे रस्ता रुंद झाला की माझी चौकट, हेच सांगता येईना.

३. उजेडाचं गणित

चौपाटीच्या बाजूनं संध्याकाळी सूर्य समोर पाण्यावर उतरतो. सगळे तिकडं बघत असतात. तुम्ही मागं वळा. तोच सोनेरी उजेड पाठीमागच्या घरांवर, पाट्यांवर, गच्चीवर वाळणाऱ्या कपड्यांवर पडलेला असतो आणि जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो. याउलट शालिनी पॅलेसच्या दर्शनी भागावर उजेड सकाळी येतो, तेव्हा टॉवरच्या बाजूनं तो सकाळीच टिपायचा.

सूर्य वर्षभर एकाच ठिकाणी मावळत नाही. डिसेंबरात तो नैर्ऋत्येकडे झुकतो, जूनमध्ये वायव्येकडे. त्यामुळे सावल्या फिरतात. गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या फोटोची तुलना करायची असेल तर महिना आणि वेळ, दोन्ही तीच ठेवा.

रात्री चौपाटीवरचे आणि दुकानांचे एलईडी दिवे फोटोत काळे पट्टे पाडतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यानं शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की ही अडचण बरीच कमी होते. उन्हाच्या फोटोंसाठी मी आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचं छिद्र एफ-८ ठेवते आणि विसरून जाते.

४. पिशवीत काय असावं

- फोन किंवा कॅमेरा, एक लेन्स, भरलेली जादा बॅटरी
- हलकी तिपाई (चौपाटीवर गर्दीत उघडू नका, पोरं अडखळून पडतात)
- मागच्या खेपेच्या फोटोंच्या छोट्या प्रती
- वही आणि पेन्सिल. पावसात पेनची शाई पसरते
- सिलिका जेलच्या पुड्या, सुती फडकं, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या
- ओळखपत्र आणि संमतीपत्राच्या दहा कोऱ्या प्रती
- ज्यांचे फोटो मागं काढले त्यांना द्यायचे प्रिंट

महागड्या कॅमेऱ्यासाठी थांबू नका. चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी याच गावात १९१८ मध्ये स्वतः खटपट करून सिनेमाचा कॅमेरा उभा केला होता. आपल्या खिशात आज त्याहून कितीतरी सोयीचं यंत्र आहे.

५. माणसांशी बोलणं

हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचं.

नव्यानं कॅमेरा घेतलेला माणूस लांबून, मोठ्या लेन्सनं, गुपचूप फोटो काढतो. तसं करू नका. जवळ जा, नमस्कार करा, आपण कुठल्या पेठेतले ते सांगा. कोल्हापुरात नावाआधी पेठ विचारतात आणि तालीम (गल्लीचा आखाडा) सांगितली की अर्धी ओळख आपोआप होते. मला पहिल्या दिवशी एका मावशींनी विचारलं होतं, “फोटो काढून काय करणार गं बाई? आमचं घर पाडायचंय व्हय?” हा प्रश्न त्यांनी उगाच विचारला नव्हता. त्यांच्या गल्लीत हातात कागद आणि गळ्यात कॅमेरा घेऊन याआधी जे आले होते ते मोजणीसाठीच आले होते. तुम्ही त्यांतले नाही, हे सांगायला वेळ द्यावा लागतो. मला तीन भेटी लागल्या. चौथ्या वेळी त्यांनी चहा दिला आणि आपले सासरे तळ्यावर म्हशी कुठून उतरवायचे ती वाट दाखवली.

म्हशींवरून सांगते. रंकाळ्यापासून थोडं अंतर चालून गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी जा. म्हैस रस्त्याकडेला उभी असते, गवळी उकिडवा बसतो, गुडघ्यांत चरवी, आणि तुमच्यासमोर धार काढून पेला भरतो. फेस पेल्याच्या वर दोन बोटं येतो आणि पेला हाताला कोमट लागतो. आधी दूध प्या, पैसे द्या, मग विचारा. फ्लॅश अजिबात नको, म्हैस बुजते आणि धार आखडते. मी तिथं फार चेहरे टिपत नाही. गवळ्याचे हात, चरवी, आणि मागचं दुकान. मागचं दुकान दर वर्षी वेगळं असतं.

धुणं धुणाऱ्या, आंघोळ करणाऱ्या बायकांचे फोटो काढायचे नाहीत, विचारूनसुद्धा नाहीत. मुलांचे फोटो आईवडील समोर असतील तरच. नकार आला तर ‘बरं मावशी’ म्हणून कॅमेरा पिशवीत घाला, हातात लटकत ठेवू नका.

नव्या माणसांशीही तेवढ्याच आपुलकीनं बोला. कॉफीच्या दुकानात काम करणारी पोरं बहुतेक आसपासच्या गावांतली, शिकत शिकत काम करणारी असतात. नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या एखाद्या जोडप्यानं आयुष्यभराची कमाई त्यात घातलेली असते. जुनं तेवढं सुंदर आणि नवं तेवढं कुरूप, असं मनात धरून गेलात तर फोटोत तुमचा राग दिसेल, वस्ती दिसणार नाही. म्हणूनच मी कृष्णधवल फोटो टाळते. पोपडे उडालेली भिंत कृष्णधवलमध्ये फार देखणी होते, पण त्या भिंतीआड पावसाळ्यात बादल्या लावून झोपणारं घर असतं.

६. परवानग्या आणि कागद

रस्त्यावर उभं राहून हौसेनं फोटो काढायला सहसा कुणी अडवत नाही. तिपाई, लाइट, मॉडेल असा पसारा मांडून व्यावसायिक काम करायचं असेल तर महापालिकेत अर्ज करून लेखी परवानगी घ्या आणि तिची प्रत जवळ ठेवा. बांधकामाच्या आत ठेकेदाराला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. वॉचमनशी वाद घालू नका, त्याची नोकरी असते.

संमतीपत्र साधं, मराठीत, पाच ओळींचं करा : माझा किंवा माझ्या घराचा फोटो अमुक तारखेला काढला, तो प्रदर्शनात वा छापून दाखवायला माझी हरकत आहे किंवा नाही, माझं नाव द्यावं किंवा देऊ नये, आणि मला एक प्रत मिळेल. खाली सही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.

ड्रोनबद्दल खूपजण विचारतात. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन नॅनो गटात येतात आणि त्यांना सवलती आहेत. पण उजळाईवाडीचा विमानतळ शहराला लागून आहे आणि किती उंच उडवता येईल हे विमानतळापासूनच्या अंतरावर ठरतं. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघितल्याशिवाय उडवू नका आणि पोलिसांचा स्थानिक मनाई आदेश नाही ना, तेही विचारा. माझं मत विचाराल तर ड्रोन नकोच. परसातलं न्हाणीघर वरून दिसतं.

नव्या इमारतीच्या जाहिरात फलकाचा फोटो मात्र न चुकता घ्या. त्यावर महारेराचा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक असतो आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही बंधनकारक आहे. त्यावरून प्रकल्प कधी नोंदला गेला, किती मजले, पूर्ण कधी होणार, हे कळतं. फलक काम संपलं की उतरतो, म्हणून आजच घ्या.

जुन्या रंकाळ्यासाठी करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसा. १८५० पासूनचं ग्रंथालय आहे. गॅझेटिअर, स्मरणिका, जुने दिवाळी अंक चाळा. शेजारपाजारच्यांचे लग्नाचे अल्बम तर याहून मोलाचे. नवरीमागं गल्ली असते. आणि संगणकावर गुगल अर्थ प्रोमध्ये जुनी उपग्रहचित्रं तारखेनुसार मागं नेऊन बघता येतात, त्यावरून कुठली मोकळी जागा कधी भरली ते कळतं.

७. पंचगंगेकडे जाणार असाल तर

घाट, शिवाजी पूल आणि ब्रह्मपुरीचा भाग रंकाळ्याहून वेगळा आहे, कारण तिथं पाणी स्वतः घरात येतं. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर इथल्या भिंतींवर अजून वाचता येतात. राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट. पावसाळ्यात कोल्हापूरकर उठल्याबरोबर आधी हा आकडा बघतात. तुम्हीही बघा आणि ३९ च्या पुढं गेला की काठावर जाऊ नका. पाणी ओसरल्यावर जा. पुराची खूण, तिच्या वर नव्यानं दिलेला रंग, उंबऱ्याला वाढवलेली पायरी, रस्त्यापेक्षा उंच घातलेला भराव; बदल तिथं दिसतो. निळी आणि लाल पूररेषा (पुराचा धोका कुठवर आणि बांधकामावर बंधनं कुठं ते दाखवणाऱ्या रेषा) कुठून जाते ते नकाशावर बघून घ्या, म्हणजे एक घर तसंच पडून आहे आणि पलीकडं इमारत उभी राहते, याचा उलगडा कधी कधी होतो.

घाटावर दहाव्याचे विधी चालू असतील तर कॅमेरा काढू नका. त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे दीपोत्सवाला हजार कॅमेरे असतात. तुम्ही उजाडल्यावर थांबा, पायऱ्यांवरच्या विझलेल्या पणत्या गोळा करणाऱ्यांशी बोला.

८. नोंद आणि साठवण

प्रत्येक फोटोबरोबर वहीत चार गोष्टी : तारीख आणि वेळ, जागेचा क्रमांक, समोर काय दिसतंय, कुणी काय सांगितलं. चौथी गोष्ट आठवणीवर सोडू नका, घरी पोचेपर्यंत शब्द बदलतात. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, दिवस, जागा क्रमांक. म्हणजे एका जागेचे सगळे फोटो आपोआप रांगेत लागतात.

तीन प्रती ठेवा. एक संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन किंवा दुसऱ्या घरी. माझी एकुलती एक हार्ड डिस्क टेबलावरून पडली आणि दोन पावसाळे गेले. त्यातली तीन घरं आता उभी नाहीत, त्यामुळे ते फोटो परत काढता येणार नाहीत.

९. फोटो लोकांसमोर ठेवताना

इथं माझ्या हातून एक मोठी चूक झाली. एका जुन्या घराचा फोटो मी ‘शेवटचे दिवस’ असं लिहून समाजमाध्यमावर टाकला. पाटीवरचं आडनाव स्पष्ट वाचता येत होतं. दोन दिवसांत तीन एजंट त्या दारात उभे राहिले. घरात भावाभावांचं अजून ठरलेलं नव्हतं आणि एका म्हाताऱ्या बाई तिथं एकट्या राहत होत्या. त्या मला म्हणाल्या, “आमच्या घराचा बाजार मांडलास बाई.” मी फोटो काढून टाकला, त्यांची माफी मागितली. त्यांनी चहा दिला, पण पुन्हा फोटो काढू दिला नाही, आणि मी विचारलंही नाही.

तेव्हापासून माझे नियम असे आहेत. माणूस राहत असलेल्या घराचा पत्ता, पाटी, मीटरचा नंबर दिसेल असा फोटो बाहेर जात नाही. फोनमधली जागेची नोंद पाठवण्याआधी काढून टाकते. ‘शेवटचे’, ‘हरवलेलं’, ‘पडकं’ असे शब्द मी लिहीत नाही. फक्त तारीख आणि जागा. घराबद्दल काय म्हणायचं ते घरातल्या माणसाला म्हणू दे.

प्रदर्शन करायचं तर शाहू स्मारक भवनातलं कलादालन आहेच, पण त्याआधी गल्लीत करा. तालमीच्या भिंतीला दोरी बांधून चिमट्यांनी प्रिंट लावले तरी चालतं. रविवारी सकाळी लावा, जेवणाच्या वेळेपर्यंत ठेवा, आणि प्रत्येक प्रिंटखाली कोरा कागद आणि पेन्सिल ठेवा. लोक लिहितात. मी गेल्या वर्षी असंच लावलं होतं. एक आजोबा आईमागच्या त्या दोन घरांच्या फोटोपाशी बराच वेळ उभे राहिले. मग काठीनं फोटोची उजवी कड दाखवून म्हणाले, “ह्यात चावी दिसंना. हितंच चावी हुती की, सगळी गल्ली पाणी भरायची.” चावी म्हणजे आमच्याकडे पाण्याचा नळ. चौकट तिथंच संपत होती. मी कागदावर लिहून घेतलं : उजवीकडे, चौकटीबाहेर, सार्वजनिक चावी. आता त्या चावीचा फोटो कुणाच्या अल्बममध्ये आहे का, ते घरोघर विचारत फिरते आहे.